आकसलंय गं, मेलेलं नाही

छोटे,

काल तुझा फोन ठेवला आणि मी बराच वेळ ओसरीवर तशीच बसून राहिले. आपल्याकडे सकाळचे आठ वाजले होते. तुझ्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ, साडेसात. सूर्य बुडून अडीच तास होऊन गेले, असं तू म्हणालीस. इकडे अंगणात ऊन पसरलं होतं, संक्रांतीच्या तिळगुळाचा डबा अजून संपला नव्हता, आणि तुझा आवाज इतका बारीक येत होता की मी दोनदा विचारलं, "ऐकू येतंय ना गं?"

मग तू तो फोटो पाठवलास. चिनूकच्या उबदार वाऱ्याने दोन दिवस बर्फ वितळला, म्हणून तू टेकडीवर गेलीस आणि जूनमध्ये जिथे ते गुलाबी फुलांचं झाड पाहिलं होतं तिथे पुन्हा शोधलंस. सापडलं, पण ओळखू येईना. तपकिरी पडलेलं, सुरकुतलेलं, मातीत अर्धं गाडलं गेलेलं. तू लिहिलंस, "ताई, ते मेलं. आणि खरं सांगू, मलाही इथे तसंच वाटतंय."

रात्रभर ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून आज शांतपणे लिहायला बसलेय. मी तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, तेव्हा झाडाबद्दल बोलल्याशिवाय मला माणसाबद्दल नीट बोलता येत नाही, हे तुला माहीतच आहे. आधी झाडाचं सांगते. ते मेलेलं नाही. आकसलंय. या दोन गोष्टींत फरक काय, तो तुला नीट कळावा म्हणून हे सगळं.

त्याचं शास्त्रीय नाव एस्कोबारिया व्हिविपारा. तुझ्याकडचे लोक त्याला पिनकुशन कॅक्टस म्हणतात, टाचण्या टोचायची गादी. आईच्या शिलाई मशिनच्या खणात ती लाल कापडाची गोल गादी असायची ना, अगदी तशीच. उत्तर अमेरिकेच्या मधोमध जो गवताचा अफाट पट्टा आहे, ज्याला प्रेअरी म्हणतात, तिथलं हे घरचं झाड. कॅनडातल्या तुझ्या अल्बर्टापासून आणि मॅनिटोबापासून खाली थेट मेक्सिकोच्या उत्तर भागापर्यंत ते आढळतं. तुझ्या मेडिसिन हॅट शहरात वर्षाकाठी बर्फ धरून पाऊस तीन-साडेतीनशे मिलिमीटर. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात त्याच्या दुपटीहून जास्त पडतो आणि तरी आपण आभाळाकडे बघत बसतो. तिथे हे एवढंसं झाड गवताच्या मुळाशी बसून आयुष्य काढतं.

जूनमधला तुझा फोटो मी पुन्हा मोठा करून पाहिला. तूही बघ, मी सांगते तसं. लिंबापासून लहान संत्र्याएवढा एक गोळा. त्यावर धारा नाहीत, फुगवटे आहेत, आणि ते गोल फिरत वर चढलेत, जसे सूर्यफुलाच्या तबकडीत दाणे बसतात. प्रत्येक फुगवट्याच्या टोकाला पांढऱ्या लवीचा एक ठिपका आहे. सरकी काढल्यावर बोटाला चिकटून राहतो ना, तेवढा कापूस. तो ठिपका म्हणजे निवडुंगाची ओळख. झाडाची ती आखूड झालेली फांदीच आहे. तिथूनच काटे निघतात, आणि काटे म्हणजे बदललेली पानं. बाहेरचे बारीक पांढरे काटे चहूबाजूंनी आडवे पसरतात, त्यांच्या मधून तीन-चार जाड काटे उभे राहतात, टोकाशी तपकिरी. पान नाही म्हणून पानाचं काम खोडाने उचललं. तो सगळा हिरवा गोळा म्हणजे खोड. अन्न तेच करतं, पाणीही तेच साठवतं.

आणखी एक खूण आहे, ती नवशिक्याला दिसत नाही. वयात आलेल्या झाडाच्या फुगवट्यावर, वरच्या बाजूने, काट्यांच्या ठिपक्यापासून बुडाशी एक बारीक खाच उतरते. लहान रोपाला ही खाच नसते. झाड मोठं झालं की ती उमटते, आणि शेंड्याजवळच्या फुगवट्यांच्या खाचेच्या तळाशी कळी धरते. म्हणून फुलं नेहमी डोक्यावर, मुकुटासारखी. पाकळ्या गुलाबी ते जांभळट. बाहेरच्या पाकळ्यांच्या कडांना पापण्यांसारखी झालर असते. फूल दुपारच्या उन्हात उघडतं, संध्याकाळी मिटतं, आणि आभाळ भरलेलं असलं तर नीट उघडतही नाही. तू जूनमध्ये ऐन दुपारी गेलीस म्हणून तुला ते भेटलं.

आता तू म्हणशील, ताई, निवडुंग तर आपल्या गावाचा. आठवतं ना, नवरात्रात पांढरकवड्याहून केळापूरला जगदंबेच्या दर्शनाला पायी जायचो, तेव्हा वाटेतल्या वावराच्या धुऱ्यावर नागफणी उभी असायची? तिची बोंडं काढायला तू किती हट्ट करायचीस! आपल्याकडे बोंड म्हटलं की पऱ्हाटीचं आणि नागफणीचंही. एक फुटलं की पांढरं, दुसरं फोडलं की लालभडक. बाबा काडीने बोंड तोडून जाळावर धरायचे, त्यावरची कूस जाळायचे आणि मगच हातात द्यायचे. एकदा तू न सांगता खाल्लंस आणि ओठात बारीक कूस रुतली. आई कंदिलाच्या उजेडात तास-दीड तास ती टिपत होती. ती कूस हीच नागफणीच्या कुळाची खोड. मोठा काटा दिसतो, त्याला आपण चुकवतो. कूस दिसत नाही, ती त्रास देते. तुझ्या टेकडीवरच्या गोळ्याला ही कूस नाही. त्याचे काटे सगळे समोर दिसणारे.

आणि ऐकून नवल वाटेल, नागफणी मुळात आपली नाहीच. निवडुंगाचं कूळ जवळजवळ सगळं अमेरिकेचं. जहाजांतून माणसांनी इकडे आणलं. आपल्या मातीतलं म्हणावं ते तिधारी आणि कुंपणाला लावतात तो मिनगुट. दिसायला भाऊभाऊ, नात्याने कुणीच नाहीत. ओळखायची सोपी परीक्षा आहे. जरासा तुकडा मोडला आणि पांढरा चीक आला तर ते तिधारीचं कूळ. पाण्यासारखा बुळबुळीत रस आला तर निवडुंग. तो पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो की राहतो अशी पाळी येते, म्हणून मुलांना मी मोडून दाखवायचे तेव्हा हात मागे बांधून उभं करायचे. दोन वेगळ्या खंडांत, दोन वेगळ्या कुळांत, पण तहान एकच. तिने दोघांना सारखंच घडवलं. पानं टाकायला लावली, खोड जाड करायला लावलं, अंगावर काटा आणला. हे तुला मुद्दाम सांगतेय. परक्या मुलखात गेल्यावर आपल्याला वाटतं की आपल्यासारखं इथे कुणीच नाही. शोधलं की सापडतं. तुझ्या शेजारची ती फिलिपिन्सची बाई, जिच्याबद्दल तू सांगत होतीस, तिच्या घरी जाऊन ये. तिचीही तहान तुझ्यासारखीच असेल.

आता रात्रीची गोष्ट. झाडं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडतात, हवा घेतात, त्यात पाणी उडून जातं. निवडुंगाला ते परवडत नाही. तो दिवसा छिद्रं बंद ठेवतो आणि रात्री गारव्यात उघडतो. रात्री घेतलेली हवा आंबट द्रव्याच्या रूपात साठवतो, आणि दिवसा दारं लावून घेऊन तिचंच अन्न करतो. या युक्तीची एक जुनी नोंद कुठे झाली माहीत आहे? आपल्याच देशात. बेंजामिन हाइन नावाचा एक वनस्पतीतज्ज्ञ मद्रासकडे काम करत होता. त्याने पानफुटीचं पान सकाळी चावून पाहिलं तर आंबट लागलं, दुपारी बेचव, संध्याकाळी जरासं कडवट. त्याने ते पत्रात लिहून कळवलं आणि १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने ते छापलं. आपल्या अंगणातली पानफुटी आठवते? भिंतीला लागून होती ती. मी दरवर्षी सहावीच्या मुलांना हाच प्रयोग करायला लावायचे. शाळेत आल्या आल्या एक तुकडा, शाळा सुटताना एक तुकडा. मुलांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

छोटे, तुझाही दिवस सध्या बंद दाराआडच जातो. ते परकं ऑफिस, ती परकी भाषा, दिवसभर सावध राहणं. तू म्हणालीस, संध्याकाळी घरी आल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही. मला ते समजतं. पण निदान रात्री तरी एक दार उघड. तुझी रात्र ती माझी सकाळ, साडेबारा तासांचं अंतर. मी सात वाजता चहा घेऊन ओसरीवर असते. काही सांगायचं नसलं तरी फोन कर. मी इकडे भाजी निवडीन, तू तिकडे पोळ्या लाट. नुसतं असणंही पुष्कळ असतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढं लिहिलं.

पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो. भरलेली बाटली फ्रीझरमध्ये विसरली तर फुटते, तसंच पाण्याने भरलेलं झाड कडाक्याच्या थंडीत आतून फुटतं. आपल्याकडची केळ तुझ्याकडे एक रात्र काढणार नाही. मग उणे तीस अंशांत हा लिंबाएवढा गोळा कसा जगतो? थंडी यायच्या आधीच तो पाणी सोडायला लागतो. शरद ऋतूत दिवस लहान व्हायला लागले की तो मुळांनी पाणी घेणं कमी करतो आणि अंगातलं पाणी हळूहळू जाऊ देतो. उरलेला रस दाट होत जातो, साखरेचं आणि चिकट द्रव्याचं प्रमाण वाढतं. असा दाट रस लवकर गोठत नाही, आणि बर्फ झालाच तर पेशींच्या बाहेर, मधल्या जागेत होतो. पेशी शाबूत राहते. पाणी गेलं म्हणून गोळा पिचकतो, फुगवटे एकमेकांना टेकतात, काटे जवळ येऊन अंग झाकतात, आणि झाड मातीच्या पातळीला जाऊन बसतं. वर बर्फाची गोधडी आली की वाऱ्यापासूनही आडोसा मिळतो. तुझ्या फोटोत ते असं दिसतंय ते याचमुळे. हे सगळं त्याने स्वतः केलंय, वेळेवर केलंय. जे टपोरं, रसरशीत राहिलं असतं तेच पहिल्या गोठणाऱ्या रात्री गेलं असतं.

वसंतात माती मोकळी झाली की मुळं पुन्हा पाणी ओढतात आणि तोच सुरकुतलेला गोळा भरून येतो.

म्हणून तुला माझं पहिलं सांगणं, या हिवाळ्यात स्वतःकडून टपोरेपणाची अपेक्षा करू नकोस. गेल्या वर्षी तू पांढरकवड्यात होतीस, आजूबाजूला शंभर ओळखीचे चेहरे होते. त्या वेळची तू आणि पहिल्या परक्या हिवाळ्यातली तू, यांची तुलना करत बसू नकोस. घर लखलखीत नसलं तर नसू दे. चार पदार्थ करण्याऐवजी वरण-भात कर आणि वर तूप घाल. नवी जबाबदारी कुणी गळ्यात घालत असेल तर "मार्चनंतर बघू" म्हण. तू कमी पडत नाहीयेस. थोडक्यात भागवणं ही थंडीतली शहाणपणाची रीत आहे.

दुसरं सांगणं पाण्याचं. कुंडीतले निवडुंग मरतात ते बहुतेक तहानेने मरत नाहीत, माणसांच्या मायेने मरतात. सुकलेलं दिसलं की आपण पाणी घालतो, तेही ऐन थंडीत, आणि मुळं कुजतात. हे मी तुझ्यासाठी सांगतेय तसंच आपल्या जावईबापूंसाठीही सांगतेय. त्यांना म्हणावं, हिला रोज "हास ना, बाहेर चल ना, पार्टीला चल ना" असं ओढू नका. शेजारी बसा. उन्हाचा तुकडा खिडकीत आला की हाक मारा. एवढं पाणी पुरे.

तिसरं नावाचं. या झाडाची नावं ऐकशील तर तुला तुझंच आठवेल. टॉमस नटॉल नावाचा इंग्रज वनस्पतीतज्ज्ञ १८११ मध्ये मिसूरी नदीतून वर मंडन लोकांच्या गावांपर्यंत गेला. तिकडच्या झाडांची त्याने केलेली नोंद १८१३ मध्ये छापली गेली, त्यात याचं नाव कॅक्टस व्हिविपारस. काही वर्षांत ते मॅमिलारियाच्या घरात गेलं. पुढे १९१३ मध्ये ब्रिटन आणि रोझ या दोघांनी त्याला कोरिफँथा केलं. १९५१ मध्ये बुक्सबाउमने एस्कोबारिया केलं, मेक्सिकोच्या रोमुलो आणि नुमा एस्कोबार या भावांच्या नावावरून ते कूळ होतं. आणि आता अलीकडे, २०२२ मध्ये, त्याची रवानगी पेलेसिफोरामध्ये झाली. पाच घरं, पाच आडनावं. पण मागचं व्हिविपारा कुणी काढलं नाही. आणि टेकडीवरच्या त्या झाडाला यातलं काहीच माहीत नाही, ते दर जूनला फुलतं.

लग्नात तुझ्या तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं तेव्हा तू मला कानात विचारलं होतंस, "ताई, मग जुनी मी कुठे जाणार?" तेव्हा पाहुणे होते, मी नुसता हात दाबला. उत्तर आज देते. कुठेही जाणार नाहीस. तिकडे ऑफिसात तुझं नाव त्यांच्या जिभेला वळत नाही म्हणून ते अर्धंच घेतात, त्याचंही तुला वाईट वाटतं. त्यांना पुन्हा पुन्हा नीट सांग, तो तुझा हक्क आहे. पण नाव मोडलं म्हणून मूळ मोडत नाही, हे धरून ठेव.

आणि त्या न बदललेल्या व्हिविपारा शब्दाचा अर्थ काय? जिवंत पिल्लं देणारी. अंडं नाही, बी नाही, थेट लेकरू. खरं तर हे झाडही इतरांसारखं फुलतं, फळतं. हिरवट, रसाळ फळं येतात, पिकली की मळकट तांबूस होतात. तिथले ब्लॅकफूट लोक ती गोडीसाठी खात, आणि हरणासारखे दिसणारे प्राँगहॉर्न ती खाऊन बिया दूरवर पसरवतात. बी तपकिरी, तिच्यावर बारीक खड्ड्यांची नक्षी. पण नटॉलला दिसलं ते वेगळंच. मधोमध एक मोठा गोळा आणि त्याच्या अंगाला बिलगून खालून फुटलेली पिल्लं. मला विचारशील तर मी त्याला मराठीत एकच नाव देईन, लेकुरवाळी. अशी पिल्लं वाढत वाढत एका मुळाभोवती अख्खी वसाहत होते. गवतात एकेकटा गोळा जनावराच्या खुराखाली सहज येतो, पण घोळका टिकून राहतो.

तू तिथे एकटी राहू नकोस, हे मी याच आधारावर सांगते. मोठं मंडळ शोधायची गरज नाही. दोन घरं पुरतात. कॅल्गरीला मराठी माणसं पुष्कळ आहेत, पण तीन तासांच्या रस्त्यावरच्या दहा ओळखींपेक्षा पायी जाता येईल असं एक घर मोलाचं. हळदीकुंकवाला तुला कुणी मिळालं नाही म्हणून तू रडलीस. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे. त्या फिलिपिनो बाईला बोलाव, ऑफिसातल्या एखाद्या मैत्रिणीला बोलाव, तिळाची वडी आणि एक छोटी वाटी वाण दे. अर्थ सांगितलास की त्यांना आवडेल.

आता याच्या प्रकारांबद्दल, कारण तू विचारलं होतंस की इंटरनेटवर दाखवतात ते झाड याच नावाचं असून एवढं उंच आणि काटेरी का? तुझं निरीक्षण बरोबर आहे. उत्तरेच्या गवताळ पट्ट्यातलं झाड बुटकं, पसरट, घोळक्याने वाढणारं, त्याला एका ठिकाणी डझन-दीड डझन बाहेरचे काटे. दक्षिणेकडच्या मैदानांत रेडिओसा नावाचा प्रकार, मोठा, बहुधा एकटा उभा, काटे जास्त. अॅरिझोनात अॅरिझोनिका, कैबाबच्या पठारावर कैबाबेन्सिस, नेवाडाकडे मोठ्या फुलांचा रोझिया. मोहावीच्या वाळवंटात डेझर्टी, त्याची फुलं फिकट, पिवळट छटेची. आणि कॅलिफोर्नियातला अल्व्हर्सनी तर इतका दाट काटेरी आणि उंच की त्याला कोल्ह्याचं शेपूट म्हणतात. ऊन जितकं कडक, तितकी काट्यांची सावली दाट. बाराखडीसारखे हे प्रकार कुणी मोजले, कुणी त्यातल्या एक-दोघांना वेगळी जात मानलं, आणि कुणी म्हणालं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलात तर मध्ये रेघ कुठेच सापडत नाही, हे सगळे एकच.

त्याच गवतात त्याची एक चुलत बहीण राहते, एस्कोबारिया मिसूरिएन्सिस. दिसायला तशीच, पण फूल हिरवट पिवळं, बी काळी, आणि फळ लाल होऊन अख्खा हिवाळा अंगावर राहतं. तुझ्या झाडाची फळं त्याच वर्षी पिकून संपतात, हिची पुढच्या वसंतापर्यंत कुंकवाच्या ठिपक्यांसारखी दिसत राहतात. दोन बहिणी, एकाच मातीतल्या, पण फळण्याची वेळ ज्याची त्याची. तुझ्या वर्गातल्या मुली कुठे पोचल्या, कुणाला बाळ झालं, कुणी घर घेतलं, हे फोनवर बघून रात्री जागत बसू नकोस. ती मोजणी मला इथूनही दिसते.

एक ताकीद देते, मोठी बहीण म्हणून. "वसंतात खणून तुला पाठवते" असं तू गमतीत म्हणालीस, तसं करू नकोस. रानातलं झाड रानातच राहू दे. निवडुंगाची झाडं देशाबाहेर न्यायची तर १९७५ पासून आंतरराष्ट्रीय कराराखाली परवाना लागतो, आणि तो असायलाच हवा, कारण हौसेपायी माणसांनी डोंगरच्या डोंगर रिकामे केलेत. शिवाय आपली काळी माती पावसाळ्यात महिनामहिना ओल धरते. मुरूम-रेती घालून वाफा केला तरी आपल्या दमट आषाढात त्याचं मूळ कुजेल, आणि बर्फ न देता त्याला विश्रांती कुठून मिळणार? झाडं इकडून तिकडे नेताना माणसं फार घाई करतात. १७९५ मध्ये कॅप्टन नील्सन नावाच्या माणसाने ब्राझीलहून कोलकात्याला नागफणीवर जगणारे किडे आणले. हवे होते तांबडा रंग देणारे चांगल्या प्रतीचे, आले दुसरेच. रंगाचा धंदा बुडाला आणि किड्यांनी उत्तर भारतातली नागफणी मात्र फस्त केली. दक्षिणेत दुसऱ्या जातीची नागफणी इतकी माजली की १९२६ मध्ये श्रीलंकेहून आणखी एक किडा मुद्दाम आणावा लागला, तेव्हा कुठे शेतं मोकळी झाली. झाडाची चूक कुठेच नव्हती. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तुला मात्र विचारलं होतं, छोटे. तू विचार करून गेलीस, स्वतःच्या पायांनी गेलीस. म्हणून तुला परत यावंसं वाटलं तर तेही तू ठरवू शकतेस, आणि त्यात हार नाही. दार उघडं आहे. पण हिवाळ्यात ठरवू नकोस. आकसलेल्या दिवसांत घेतलेला निर्णय आकसलेलाच असतो. एक वसंत बघ, मग बोलू.

शेवटची गोष्ट, आणि ही नीट ऐक. झाड आकसतं, पण त्यालाही मर्यादा असते. मनाचंही तसंच. थकवा, सुस्ती, घरची आठवण, हे समजण्यासारखं आहे. पण रात्ररात्र झोप लागत नसेल, घास उतरत नसेल, आंघोळ करायचीही इच्छा होत नसेल, किंवा आपण नसलो तरी चालेल असा विचार एकदाही डोकावला असेल, तर वसंताची वाट बघू नकोस. त्याच दिवशी जावईबापूंना सांग, डॉक्टरांकडे जा, आणि मला फोन कर, माझ्याकडे कितीही वाजलेले असोत. उजेड कमी असलेल्या मुलखात हिवाळ्यात मन खचणं हा ओळखीचा आजार आहे, त्यावर औषध आहे, उजेडाचे उपचार आहेत. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. झाडाला बोलता येत नाही म्हणून ते जे करतं ते मुकाट्याने करतं. तुला बोलता येतं. बोल.

आत्ता इथे तुरीची कापणी झालीय, वेचणीचा शेवटचा कापूस घरात येतोय. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जाईल, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतील, आणि आम्ही ओलं फडकं डोक्यावर घेऊन घरात बसू. तो आमचा आकसायचा ऋतू. तेव्हा तुझ्याकडे माती मोकळी होत असेल. त्या वेळी मला धीर देणारी तू असशील.

जूनमध्ये त्या टेकडीवर परत जा. दुपारी जा, ऊन असताना जा, कारण फूल तेव्हाच उघडतं. बहर थोडेच दिवस टिकतो, कामाचं निमित्त काढून टाळू नकोस. फोटो मला पाठव. त्यात या वेळी झाडाबरोबर तूही दिसायला हवीस.

तुझी ताई